टाकीकडचं टोक

हे रचून सांगण्याइतकं डोकं मला नाही. मी मीटर दुरुस्त करणारा माणूस. काटा दाखवेल तेवढंच मानतो.

गेल्या महिन्यातला पहिला रविवार. दुपारचे चार. आमचंच घर.

दादाला हौशी रेडिओचं वेड. गच्चीवर आम्ही दोघं घरीच अँटेना बांधायचो. तारांच्या तीन जोड्या, लांब, मधली, आखूड, आणि तिघींना मिळून खाली येणारी एकच केबल. एका बाजूची टोकं दादाची, पाण्याच्या टाकीकडची माझी. तार हातभर जास्तच कापायची, टोक मागे दुमडून तीन पीळ द्यायचे, हा त्याचा नियम. तो डावखुरा, म्हणून त्याचे पीळही उलटे.

चार वर्षांपूर्वी मी घाईत माझ्याकडची तार आखूड कापली. वर चढायचा कंटाळा. "तूच जोड ना," म्हणालो.

दादा टाकीवर चढला... आणि पडला. तिथेच गेला.

वहिनीला मी सांगितलं, तो आपणहून चढला होता.

त्या रविवारी मी पहिल्यांदाच, एकट्याने, अँटेना पुन्हा ताणली. टाकीवर न चढता, काठीने. आणि माझी घाई काही सुटत नाही. मधली जोडी दोन्हीकडून आखूड कापली गेली.

खाली खोलीत येऊन रेडिओ लावला. मधल्या जोडीच्या बँडवर मीटरचा काटा वरच अडकला. तार चुकली की असंच होतं; बरोबर असली की काटा तळाला येतो.

तेवढ्यात...

ठक... ठक...

स्वयंपाकघरातून वहिनी ओरडली, "भावजी, किती वेळ ठोकताय वर? डोकं उठलंय माझं."

मी खालीच होतो. गच्चीची किल्ली माझ्या खिशात होती.

काटा हलला. हळूहळू खाली आला... आणि अर्ध्यावर थांबला.

ठोकणंही थांबलं.

वर धावलो. कोणी नाही. मधल्या तारेच्या दादाकडच्या टोकाला हातभर तुकडा जोडलेला. टोक मागे दुमडलेलं. तीन पीळ...

उलटे.

जोडावरचं सोल्डर अजून गरम होतं.

टाकीकडचं टोक तसंच, आखूड.

खाली उतरलो तर जिन्यात वहिनी. "तुम्हीच होतात ना वर?"

"हो," म्हणालो.

टाकीवर एकदाच ठक झालं. वहिनी माझ्याकडे बघतच राहिली.

तेव्हापासून रोज काटा बघतो. अर्ध्यावरच असतो. भीती वाटते, पण लाज त्याहून जास्त वाटते. वहिनीसमोर बसून जेवतो आणि मान खाली घालून उठतो.

दादाने त्याचं टोक केलंय. टाकीकडचं माझं आहे.