खंडेनवमीचं तेल

या माउली, जरा जवळ सरका. कीर्तन उभं राहायला अजून अवकाश आहे, तोवर माजलगावच्या एका कॉलेजातल्या रुसलेल्या पंपाची गोष्ट ऐका. प्रेमाचीच आहे... लाजू नका!

तिथं संशोधन करणारी अंजना धावत जिना उतरत होती, अन् सोमेश्वर हत्यारांची पेटी घेऊन चढत होता. धडक! पाने खणखणत खाली गेले.

"पंपबी असाच पळतोय का, मॅडम?" त्यानं पाने गोळा करत विचारलं.

"पळत असता तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

गोठ्यातल्या दूध काढायच्या यंत्रांचे पंप दुरुस्त करण्यात त्याची हयात चाललेली. प्रयोगशाळेतला हा हवा ओढणारा पंप त्यांचाच धाकटा भाऊ. पण आता जाम झालेला. मोटर नुसती गुरगुरायची. अंजनाच्या विभागाच्या सरांनी ठपका ठेवला धुळाजीमामांवर. मामा तिथले शिपाई, महिन्याभरात निवृत्त होणारे. दुपारी त्यांचा लेखी जबाब होता.

सोमेश्वरनं झाकण उघडलं. आतली पाती पिवळ्या चिकट्यात रुतलेली. त्यानं वास घेतला.

"करडीचं तेल! तापून सुकलं की गोंदच हुतोय. कुणी घातलं?"

अंजनाचे कान तापले. "मी... गेल्या महिन्यात खंडेनवमीला पूजा केली. हळद-कुंकू लावलं, अन्... दोन पळ्या तेल वाहिलं. आतच."

"अवो, त्यो पंप हाय, मारुती न्हाई!"

ती हसली — अन् हसता हसता डोळे भरले. "मामांनी पाहिलं होतं. तरी गप्प आहेत."

त्यानं झाकण बाजूला ठेवलं. "पाती मी सोडवतो, मॅडम. मामांना तुमी सोडवा."

ती तडक सरांकडं गेली. परत आली तेव्हा पाती रॉकेलनं धुऊन लख्ख झाली होती, नवं तेल भरलं होतं.

"काय म्हणले सर?"

"लई बोलले. वर्षभर पंपाची निगा माझ्याकडं. पण मामा सुटले!"

"मग पंपाचं चाक हातानं फिरवा आधी. एकदम बटन दाबायचं न्हाई."

तिच्या बोटांशेजारी त्याची बोटं टेकली. चाक अडलं... कुरकुरलं... अन् सुटलं! बटन दाबताच पंप ठेक्यात चालू लागला, जसा मृदंगच.

"तेल गढूळलं की बदलायचं," तो म्हणाला. "म्हैन्याला येऊ का बघायला?"

"पंपाला?"

"...पंपालाबी."

तिनं पदर नसताना ओढणीच सावरली. "महिना कशाला? उद्या एकादशी. देवळात मामा टाळ धरतात — या ना!"

"येतो, मॅडम."

"अंजना म्हणा."

पुढच्या खंडेनवमीला पंपाची पूजा जोडीनं झाली. हळद-कुंकू बाहेरून, आत मात्र पंपाचंच तेल!

तुम्हीही यंत्राला कुंकू लावाल ना, माउली, तेव्हा लेकराची चूक पोटात घालून गप्प राहिलेल्या धुळाजीमामांची तेवढी आठवण ठेवा.