अठरा टनांची वाट

वीजघरातला मोठा बॉयलर जमिनीवर उभा नसतो, वरच्या तुळयांना टांगलेला असतो. तापला की तो वीतभर खाली वाढतो. खालून टेकू दिला तर स्वतःलाच चिरडून घेईल. हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं, कारण ज्या दांड्यांवर तो लोंबतो ते बाबा आखायचे. घरात दिव्याची शेड टांगायची तरी ते आधी छताचं गणित मांडत. त्यांचा डावा बूट मात्र नेहमी टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजायचा. आई म्हणायची, "जगाचा भार सारखा वाटता, आणि स्वतःचा सगळा एका टाचेवर?"

बाबा गेल्याला तीन आठवडे झाले, तेव्हा फोरमनकाकांचा फोन आला. "पोरी, साहेबांची निळी वही घेऊन ये. सरकारी तपासनीस आलेत, त्यांच्या गणितावर बोट ठेवतायत."

सकाळी दहाला आम्ही बॉयलरच्या माथ्यावर होतो. बॉयलर बंद होता, तरी लोखंडाला ऊब होती. अठ्ठेचाळीस दांडे रांगेत, प्रत्येकावर टन दाखवणारा काटा. पायाखालच्या पत्र्यावर राखेचा मऊ थर. तेविसावा दांडा मधोमध तुटलेला होता. दोन तुकड्यांत नखाएवढी फट.

"गंज बघता तीन आठवडे झाले असावेत," तपासनीस म्हणाले. "बॉयलर तेव्हाही असाच भरलेला होता, वर चालूही होता. वहीत काय आहे?"

मी वाचलं. एक दांडा गेला तर त्याचा भार शेजारच्या दोघांवर जाईल, आणि दोघे तो पेलतील.

"शेजारचे काटे बघा. जागचे हललेले नाहीत. अडकलेलेही नाहीत, मी तपासलेत. मॅडम, वडिलांचं गणित चुकलं, असंच मला लिहावं लागेल."

माझे कान तापले. "मग त्याचे अठरा टन कुठे गेले?"

"ते कळत नाही."

"कळत नाही म्हणजे चुकलं?" काका म्हणाले. "सोपं आहे की तुमचं काम."

बाबा सांगायचे, वजन नाहीसं होत नाही, ते जमिनीपर्यंत वाट काढतं. ती वाट शोधायची, एवढंच आपलं काम. मी वही छातीशी धरून उभी राहिले. तेवीस क्रमांकापुढे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, अठरा पूर्णांक दोन.

काकांनी नवा दांडा बसवला आणि जॅकने हळूहळू ताणायला घेतला.

काटा पाचावर आला. मग अकरावर. शेजारचे दोन्ही काटे स्तब्ध.

तुळईतून एक दीर्घ आवाज आला, खूप वेळ धरलेलं ओझं कुणी उतरवून ठेवावं तसा.

काटा थांबला. तपासनिसांनी चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं.

"अठरा पूर्णांक दोन," ते म्हणाले. "आकडा तंतोतंत आहे. चुकलं असं नाही लिहिता येणार."

"मग काय लिहिणार?" काकांनी विचारलं.

"दांडा बदलला." ते लिफ्टकडे गेले, जरा घाईनेच.

मला रडू आलं नाही. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मान ताठ झाली. बाबांचा आकडा त्या काट्यावर होता, आणि सगळा बॉयलर त्याच्यावर निवांत लोंबत होता.

काम संपलं की जागा झाडायची, ही बाबांची शिस्त. काकांनी झाडू घेतला. राख उडाली, आणि झाडू मध्येच थांबला.

नव्या दांड्याच्या पुढ्यात, जाड लोखंडी पत्र्यात, पेरभर खोल दोन ठसे होते. बुटांचे. दांड्याकडे तोंड करून, शेजारी शेजारी.

काकांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

मी वाकून बोट फिरवलं. डाव्या टाचेची बाहेरची कड उमटलेली नव्हती.