भिंतीतलं दुसरं बटण

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या घरात घडलंय. आणि आत्या थापा मारणाऱ्यांतली नाही.

तिची सात वर्षांची लेक अंधाराला भयंकर घाबरायची. नव्या घरात तिला एकटीला झोपायची सवय लावायची होती. म्हणून डिमर बसवायचा ठरला. रोज उजेड थोडा थोडा कमी करायचा.

आत्याचा दीर वायरमन. डिमर त्यानेच निवडला, त्यावर चालणारा बल्बही.

"साधा बल्ब लावलात तर फडफडेल, वहिनी."

मग त्याने जुनं बटण उघडलं… आणि थांबला.

आत तीन वायरी होत्या.

"ही टू-वे लाइन आहे. जिन्यात असते तशी. या दिव्याचं अजून एक बटण कुठेतरी असणार."

पलंग सरकवला, कपाट ओढलं. चारही भिंती कोऱ्या.

"आधी राहणाऱ्यांनी प्लास्टरखाली गाडलं असेल. लोक काय, लिंपून मोकळे होतात!" दीर हसला. त्याने टू-वेचाच डिमर जोडला.

त्या शनिवारी साडेआठला आत्याने उजेड हळूहळू कमी केला. लेक झोपली. आत्याने दिवा बंद केला.

भिंतीतून आवाज आला…

टक्.

दिवा लागला.

तिने पुन्हा बंद केला. पुन्हा टक्. आवाज तिच्या कमरेएवढ्या उंचीवरून येत होता.

दुसऱ्या दिवशी दिराने नवी वायर ओढली आणि भिंतीतली लाइन कापून टाकली.

"आता कोणी बटण दाबो, नाहीतर बुक्क्या मारो."

रात्री आत्याने दिवा बंद केला. अंधार झाला. आणि…

टक्… टक्… टक् टक् टक् टक्…

दिवा लागत नव्हता. बटण मात्र कोणीतरी जिवाच्या आकांताने दाबत होतं.

लेक जागीच होती.

"आई, लाव ना दिवा. ती पण घाबरते."

आत्याने तिला उचललं नि आपल्या खोलीत आणलं. तेव्हापासून त्या रिकाम्या खोलीत दिवा चालूच असतो. मग आवाज येत नाही.

परवा वीज गेली.

आत्या लेकीला कुशीत घेऊन कान देऊन ऐकत राहिली. भिंत गप्पच…

लेक हळूच पलंगावर सरकली.

"अशी का सरकलीस गं?"

"तिला जागा नको?"

आत्या नेहमी इथेच थांबते. पुढे काय झालं, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.