लवंग टोचलेली पुडी

नरसिंहरावांनी पुडी टेबलावर ठेवली आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"ही आमच्या दुकानची नव्हे," ते म्हणाले. "पण आतली सीवल आमचीच. मालक वास घेऊन सांगितले. तुम्हीही घेऊन पाहा, राव."

गुरुमूर्ती रावांनी पुडी उचलली. केळीच्या वाळल्या सोपटाची, त्रिकोणी दुमडलेली, टोकाशी लवंग टोचलेली. उघडताच खोली घमघमली. तुपात परतलेली सीवल, म्हणजे कागदासारखी पातळ कातरलेली सुपारी, वेलदोडा, वाळा आणि नावालाच कापूर. शेजारी बसलेल्या सेतुरामनं तर डोळेच मिटले.

१९५४ सालातली चैत्राची दुपार होती. गाव तमिळ मुलखातलं, पण हे तिघेही तिथल्या जुन्या मराठी घरांतले. गुरुमूर्ती रावांनी वकिलाकडची अठरा वर्षांची कारकुनी सोडून चौकशांचा हा स्वतंत्र धंदा मांडला, त्यालाही आता तीन वर्षं होत आली होती. बालमित्र सेतुराम नगरपालिकेत चिकटलेला. जेवणाच्या सुट्टीत रोज यायचा आणि नोकरी सोडून चूक केलीस म्हणून ऐकवायचा.

नरसिंहराव सांगत गेले. व्यंकटरमण चेट्टियारांच्या सीवलीच्या दुकानात त्यांची तीस वर्षं झाली होती. वासाचं मिश्रण ठाऊक असलेली माणसं दोनच, मालक आणि ते स्वतः. सहा महिन्यांपूर्वी स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानांतून या पुड्या विकल्या जाऊ लागल्या. आता मालकांनी सांगितलं होतं, पौर्णिमेपर्यंत चोर दाखव, नाहीतर दुकानाची किल्ली ठेवून जा.

त्यांचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला.

"मिश्रण मालकांच्या वडिलांपासूनचं. त्यांचं मीठ खाल्लों मी. चोर कोण्ही असो, धरून द्या. माझ्या रक्ताचा असला तरी सोडणार नाही."

"तुम्हांस काय वाटतें? वास अगदी तोच?"

"मला कसा कळावा?" नरसिंहराव ओशाळून हसले. "तीस वर्षं त्याच घमघमाटात. नाक केव्हाच बधिर झालें. मी बोटांनी काम करतों, चिमटीच्या मापानं."

ते गेल्यावर सेतुराम म्हणाला, "एवढा इमानी माणूस! माझ्या ऑफिसात असता तर हेडक्लार्क झाला असता."

"तू झालास का?" गुरुमूर्तींनी विचारलं. सेतुरामनं विषय बदलला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून बरोबर निघाला.

चेट्टियार कुंभेश्वरनच्या देवळाजवळच्या दुकानात गादीवर बसले होते. समोर बायका सुरळीच्या पुड्या वळत होत्या.

"संशय नरसिंहावरच," ते तमिळमध्ये म्हणाले. "मी सांगितलं नाही, मग दुसरा कोण उरला? पण माणूस चांगला हो. माझे वडील नुसती कोरडी सीवल विकायचे. वासाची सुरू झाली ती नरसिंहाचं लग्न झालं त्या वर्षी. तेव्हापासून दुकान वर आलं."

पुतण्या व्यंकटेश मागच्या खोलीत पंख्याखाली भेटला. दुकान पुढे त्याच्याकडेच जाणार होतं.

"म्हातारा जाईल तर बरंच," तो म्हणाला. "हात कापायला लागलाय त्याचा. मिश्रण काकांकडून मी शिकून घेईन."

"जाताना त्यांस काय द्याल?"

"पुड्या वळणाऱ्या शिवकामीला दिलं तेच. तिला साडी आणि नारळ दिला. याला धोतर."

बाहेर पडल्यावर सेतुरामनं मूठ आवळली. "हाच तो! म्हाताऱ्यास घालवायला हाच पुड्या विकतोय."

"मिश्रण अजून शिकायचें आहे त्यास," गुरुमूर्ती म्हणाले. "चल, स्टेशनला."

कॉफीवाल्यांचं सांगणं एकच होतं. रोज सकाळी एक चष्मेवाली बाई टोपली आणून द्यायची. महिन्यातून दोनदा मात्र रिकाम्या हातानं यायची. कॉफीवाल्यानं त्या तारखा कॅलेंडरवर खुणावून ठेवल्या होत्या, कारण त्या दिवशी गिऱ्हाइकं त्याचं डोकं खायची. गुरुमूर्तींनी कॅलेंडर बराच वेळ पाहिलं.

"सुट्टी घेत असेल," सेतुराम म्हणाला. सुट्टीचं त्याला लगेच कळायचं.

चष्मेवाली बाई म्हणजे शिवकामीच निघाली. पंचवीस वर्षं चेट्टियारांकडे पुड्या वळल्या, आणि गेल्या वर्षी नजर अधू झाली तेव्हा तिला घरी पाठवलं. ती मेलकावेरीत नदीकडच्या गल्लीत राहायची.

"टोपली मी नेते," तिनं सरळ कबूल केलं. "चोरी असेल तर मला धरा. पण माल कुणाचा ते विचारू नका. हा चष्मा तिनं करून दिलाय मला."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा जपून डोळ्यांवर चढवला. 

"झालें की," सेतुराम बाहेर येऊन म्हणाला. "हीच चोर!"

"पंचवीस वर्षं सुरळी वळलेला हात त्रिकोण दुमडेल? आणि मिश्रण तिला कोण सांगितला? सेतु, काल तुझ्या घरी जेवल्यावर विडा दिला, तो कसा होता?"

"कसा म्हणजे? नेहमीचा. त्रिकोणी, वर लवंग..." सेतुराम रस्त्यातच थांबला.

पुढची गल्ली नरसिंहरावांची होती.

संध्याकाळचे सात वाजले होते. नरसिंहराव दुकानातून येऊन ओसरीवर बसले होते, पाठीमागे भिंतीवर विठोबाची तसबीर. त्यांची बायको गोमती पाणी घेऊन आली. तिच्या डाव्या अंगठ्यावर बारीक बारीक काप होते.

"चोर सापडला," गुरुमूर्ती म्हणाले. "पण तुम्ही मला कामास लावलेत, चेट्टियार नव्हे. म्हणून आधी तुम्हांस सांगतों. पुढें कुणास सांगायचें तें तुम्ही ठरवा."

"नाव सांगा, राव."

"पुड्या कोण्ही विड्यासारख्या दुमडतें. तमिळ दुकानात तशा दुमडत नाहीत, आपल्या मराठी घरांत दुमडतात. महिन्यातून दोन दिवस माल येत नाही, ते दिवस द्वादशीचे. म्हणजे आदल्या दिवशी, एकादशीस, त्या घरी सुपारीस हात लावत नाहीत. टोपली नेते शिवकामी, ती राहते मागच्या गल्लीत. आणि घरभर हा सुवास असून घरचा धनी ओळखला नाही. असा बधिर नाकाचा माणूस मला एकच ठाऊक आहे."

नरसिंहरावांनी हळूहळू मान वळवली.

"तू?"

गोमतीनं मान खाली घातली नाही.

"मीच."

"मालकांचें मिश्रण चोरलीस? माझ्या घरात?"

"थांबा," गुरुमूर्ती म्हणाले. "चेट्टियारांचे वडील कोरडी सीवल विकत. वासाची आली ती तुमच्या लग्नाच्या वर्षी. अक्का, तें मिश्रण कुणाचें?"

"माझ्या आईचें," गोमती म्हणाली. "लग्नात विड्यांसाठी मी केलें होतें. यांना आवडलें. दुकानात नेऊन मालकांस दिले, फुकट. मग स्वतःच विसरले. तीस वर्षं सांगत आले, मालकांच्या वडिलांचें म्हणून. मीही बोललें नाही. मला बरें वाटायचें, माझा वास सगळ्या गावात फिरतो म्हणून."

"मग आता काय म्हणून?" नरसिंहरावांनी विचारलं.

"शिवकामी साडी-नारळ घेऊन या दारावरून रडत गेली त्या दिवशी तुम्हांस विचारलें, आपलें कसें होईल? मालक बघतील, म्हणालात. तुमचे हात कापतात. मी रोज पाहतें. मालक बघतील की नाही मला ठाऊक नव्हतें. म्हणून मी बघितलें."

 सेतुरामचे डोळे भरले होते. ते लपवायला त्यानं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

नरसिंहरावांनी कमरेची किल्ली सोडली आणि तळहातावर धरून बसले. जुन्या पितळेची किल्ली, दाते झिजलेले.

"उद्या मीच नेऊन देतों," शेवटी ते म्हणाले. "सगळें सांगतों. चोर नाही, मिश्रणाची मालकीण सापडली म्हणून. त्यांस लागेल तर तिच्याकडून विकत घ्यावें."

त्यांनी गुरुमूर्तींची फी पुढे केली. गुरुमूर्तींनी घेतली नाही.

"एक पुडी द्या, पुरे."

गोमतीनं आतून सूप आणि अडकित्ता आणला. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. नरसिंहरावांनी चिमूटभर सीवल नाकाशी नेली, डोळे मिटले, मग मान हलवली.

"नाही येत गे. कसा येतो?"

"आपल्या लग्नातल्यासारखा," ती म्हणाली.

नरसिंहरावांनी एक काप बोटांत धरून चाचपला. तीस वर्षांची बोटं ती, कापत असली तरी चुकत नव्हती. सूप त्यांनी आपल्याकडे ओढलं.

"जाड कातरतेस," ते म्हणाले. "दे तो अडकित्ता इकडे."