तिसऱ्या मुक्कामाचं पाणी

वाचनालयाच्या दारात बद्रीनाथ मास्तरांच्या हातातला नकाशा वाऱ्यानं उडाला, तो नेमका द्वारकेच्या पायाशी. तिनं उचलला, आणि परत द्यायचं सोडून वाचायलाच लागली.

“तुम्हाला उर्दू येतं?”

“इथल्या शाळेत दुसरं होतंच काय?” ती हसली.

पोलीस ॲक्शनला चारच वर्षं झाली होती. द्वारका काकांकडे राहायची, मुलींच्या शाळेत शिकवायची. मास्तर नाशिकहून औरंगाबादला आलेले. गौताळ्याच्या जंगलाचा तो निजामाच्या काळातला नकाशा त्यांना मिळाला होता, पण उलगडत नव्हता.

मग रोज शाळा सुटल्यावर ती वाचायची, ते लिहून घ्यायचे. फेब्रुवारीत चार दिवसांची पायपीट – कन्नडहून रानात शिरायचं, तीन मुक्काम, मग घाट उतरायचा. मास्तर धरून आठ शिक्षक-शिक्षिका, आणि नववी द्वारका. मार्चमध्ये मास्तर बदली होऊन नाशिकला परतणार होते. तिच्या वाट्याला आता हे चारच दिवस...

रविवारी सकाळी ती मास्तरांच्या टिपणावरून बेत नीट अक्षरात उतरवत होती. ‘तिसरा मुक्काम, कुंड, पाणी एप्रिलपर्यंत.’ तिचा हात थांबला. नकाशावरून वाचताना ती तर ‘चौथ्या महिन्यापर्यंत’ म्हणाली होती; मास्तरांनी त्याचा एप्रिल केला होता. निजामाचं फसली साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं. चौथा महिना म्हणजे जानेवारी. फेब्रुवारीत कुंड कोरडं.

गप्प बसलं तर चार दिवस मिळतील – आणि नऊ माणसं तहानेनं तळमळतील. ती उठलीच.

वाचनालयात मास्तरांनी सगळं ऐकलं. कान लाल झाले.

“म्हणजे मी सगळ्यांना तहानेनं मारलं असतं.”

“लई नाय. दीडच दिवस.”

ते हसले, मग गंभीर झाले. “बेत रद्द. पावसाळ्यानंतर बघू.”

“तवा तुम्ही नाशकात.” तिनं नजर वळवली. “सांगितलं नसतं तर... चार दिवस मिळाले असते.”

“कुणाला?”

“व्हय, आता तेबी मीच सांगू?”

मास्तर कितीतरी वेळ नकाशाची घडी घालत राहिले. ती काही नीट बसेना.

“बदली मीच मागितली होती,” ते हळूच म्हणाले. “अर्ज मागं घेतो. पण चार दिवसांनी माझं भागायचं नाही, द्वारकाबाई. तुमच्या काकासाहेबांना भेटायला येऊ?”

तिनं मान खाली घातली.

“काका दुपारी झोपतात. चारला या,” ती म्हणाली. दारापर्यंत गेली, आणि वळली. “नाय... साडेतीनलाच या.”