उपरण्याखालचा हात

बाप सरणावर होता आणि आमचा सयाजी बाजूला उभा राहून फोनवर कुणाला तरी "पुढच्या फेरीत बघू" असं सांगत होता. आवाज चढलेला नाही की उतरलेला नाही. भावकीतल्या माणसांनी मला हे नंतर येऊन सांगितलं. सांगायची लाज त्यांना वाटली, करायची त्याला वाटली नाही. परत आला, अंगणात पाय धुतले आणि मला म्हणाला, "आये, चहा आहे का?"

"दगड हाईस तू," मी म्हणाले.

"असेन, आये," तो म्हणाला. मग चहा घेतला, बशी धुऊन पालथी घातली.

मी आणखी पुष्कळ बोलले असते. पण खरं सांगायचं तर मलाही काही वाटत नव्हतं. ह्यांचा श्वास थांबला तेव्हापासून मी लाकडाची झाले होते. बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते, त्यांच्याच घरातलं कुणी गेल्यासारखा. माझे डोळे कोरडे राहिले ते आपोआप. त्याचे कोरडे राहिले ते विकतचे, हे मला पुढं कळलं.

सयाजीचे वडील, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो, खिलार बैलांचे दलाल. सांगोल्याच्या बाजारात त्यांचा शब्द चालायचा. शब्द म्हणायचं आपलं. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातावर उपरणं टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, कशी धरली, त्यावरून आकडा कळतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी त्यांना दिसतात ती फक्त दोन तोंडं. सयाजी शाळा बुडवून तात्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचा. तात्या त्याला सांगायचे, "आकडा बोटांत असतो, माणूस तळव्यात. तळवा घामेजला की समजायचं, ह्याला बैल मनापासून पाहिजे. कोरडा असला तर नुसता भाव काढायला आलाय."

पोरगा शिकला. साबणाच्या कंपनीत लागला. रुपयाची शांपूची पुडी त्यानं अशा वस्त्यांवर पोचवली जिथं एसटी जात नव्हती, आणि चढत चढत कंपनीच्या सगळ्यात वरच्या खुर्चीत जाऊन बसला. गावात मी दोन वर्षं मान वर करून चालले. मग एके दिवशी खुर्ची सोडून आला. म्हणाला, "दुसऱ्याच्या गोठ्यात किती राबू? आता व्हेंचर कॅपिटल करणार."

"ते काय असतंय?"

"तात्या काय करतात? कुणी ढुंकून बघत नाही असली वासरं घेतात. बरीच वाया जातात. एखादं शर्यतीत पहिलं येतं आणि सगळ्यांचं भरून काढतं. मी वासरांऐवजी पोरांच्या डोक्यातल्या कल्पना घेणार. पैसा माझ्याकडं ठेवणारे लोक निराळे, जोखीम ओळखायची अक्कल माझी."

अक्कल त्याची नव्हती, तात्यांची होती. पैसा मागायला आलेल्या पोरांचा हात तो हातात घ्यायचा आणि जरा जास्त वेळ धरून ठेवायचा. पेपरात त्या हाताबद्दल छापून आलं. ज्यांचा तळवा ओला त्यांच्यात त्यानं पैसा घातला, आणि त्यांतली पुष्कळ पोरं मोठी झाली. एक जण बुडाला की मात्र सयाजी तीन-तीन दिवस जेवायचा नाही, भिंतीला बोलायचा, मला फोन करून उगाच भांडायचा.

तात्या गेल्यावर महिन्याभरानं सुनेचा फोन आला. केतकी पुण्याची. कमी बोलते, पण बोलली की खरं बोलते.

"आई, तुम्ही इकडे या. सयाजीला दाणा बसवून घ्यायचाय. कायद्यानं बायकोनं नाहीतर रक्ताच्या माणसानं समोर बसून, तोंडानं हो म्हणावं लागतं. मी नाही म्हटलं. आता तो तुम्हाला विचारणार आहे."

"कसला दाणा?"

"इथं आल्यावर बघा."

मी तात्यांचं उपरणं खांद्यावर टाकलं आणि निघाले. ते मी धुतलं नव्हतं. का नाही धुतलं, तेही मला सांगता आलं नसतं.

पुण्याला गेले तर सयाजी नाश्त्याला बसलेला. पाया पडला, तब्येत विचारली, माझ्यासाठी मऊ गादी मागवलीय म्हणाला. सगळं बरोबर. हॉटेलातला माणूस बोलतो तसं बरोबर. त्याच्या कानामागं कातडीच्या रंगाची एक टिकली चिकटवलेली होती. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून घातलं की गाळ तळाला बसतो, त्यावरून तिचं नाव ठेवलेलं, निवळी. ती बनवणाऱ्या कंपनीत सयाजीचाच पैसा. मोठे सौदे करणारी माणसं आता ती लावूनच बसतात म्हणे. भीती नाही, हळहळ नाही, डोकं थंड.

एवढ्यात समोरच्या भिंतीवर एका पोरीचं तोंड उमटलं. तिची कंपनी सयाजी बंद करत होता. अपंगांसाठी ती कसलासा हात बनवत होती. "सर, फक्त पावसाळ्यापर्यंत थांबा, तुम्हीच माझा हात धरून म्हणाला होतात," असं म्हणता म्हणता ती रडायला लागली.

"तुझं म्हणणं बरोबर आहे," सयाजी म्हणाला. "पण निर्णय झालाय. काळजी घे." आणि भिंत पांढरी झाली. त्यानं पोह्यांवर लिंबू पिळलं.

मी म्हणाले, "पूर्वी शिव्या तरी द्यायचास. घरात माणूस हाय असं वाटायचं."

"शिव्यांनी काम होत नाही, आये."

"आणि ह्या टिकलीनं होतंय?"

"होतंय. ह्या वर्षी आमचा सगळ्यात जास्त फायदा झाला."

ते खरं होतं. केतकीनंही नाही म्हटलं नाही. फायदा झालाच होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात निघालो. सयाजी त्याच्या गाडीतून पुढं गेला. केतकी आणि मी मागं. गाडी आपली आपण चालत होती, तरी केतकी समोरच बघत राहिली.

"आई, सुरुवातीला तो टिकली फक्त मीटिंगपुरती लावायचा. संध्याकाळी काढून डबीत ठेवायचा. तात्यांना इथं आणलं, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आता हातात काही नाही, त्या दुपारपासून त्यानं ती काढलेली नाही. बदलतो, पण काढत नाही. लोकांना सांगतो, धंद्यासाठी."

मी ऐकलं. बाहेर उंच इमारती मागं जात होत्या. मनात आलं, बरंच आहे की. मी टिकली न लावता अशी झालेय, तो लावून झालाय. कुणाच्या तोंडानं नाही म्हणू?

डॉक्टर बोकील तरुण होते, गोड बोलणारे. निवळी त्यांनीच शोधून काढलेली. मी विचारलं, "म्हणजे ही लावली की भीती, दुःख, होतच नाही?"

"होतं ना, आजी. शरीराला होतं. छाती धडधडते, पोट आवळतं. एरवी त्याची बातमी मेंदूच्या वरच्या भागाला जाते आणि मग आपण म्हणतो, मला भीती वाटतेय. निवळी त्या बातमीच्या लहरींसमोर उलट्या लहरी सोडते आणि दोन्ही सपाट होतात. बातमी वाटेतच विरते."

"आणि तो दाणा?"

"तो मेंदूच्या आत बसतो, मुळाशी. मग शरीरालाही काही होत नाही. निवळीत हृदयावर ताण येत राहतो, म्हणून दाणा जास्त सुरक्षित. सर आमचे पहिले असणार आहेत. त्यांनी बसवला की लोकांचा विश्वास बसेल."

"नको झाला तर काढता येतो?"

"मेंदू त्याच्याभोवती जुळवून घेतो. नाही काढता येत."

खोलीत कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला. सयाजी माझ्यासमोर खुर्चीवर बसला, डोक्याची एक बाजू भादरलेली. बाजूला केतकी उभी.

"आजी, तुमचा होकार आहे का? फक्त हो किंवा नाही म्हणा."

"आमच्यात सौदा असा तोंडी होत न्हाई," मी म्हणाले आणि खांद्यावरचं उपरणं सोडलं. "सयाजी, हात दे."

"आये, इथं कशाला?"

"तुझ्या बापानं कुठल्या बैलाचा भाव ओरडून सांगितला का कधी? दे हात."

त्यानं हात पुढं केला. हट्टी म्हातारीपुढं करावा तसा. मी उपरणं टाकलं आणि म्हणाले, "काय मागतोस ते सांग."

त्यानं माझी पाचही बोटं धरली. पुरी मागणी. विसरला नव्हता. तोंड बघावं तर धुतलेल्या ताटासारखं, त्यावर काही नाही. आणि तळवा ओला. नुसता घामेजलेला नव्हे, पाण्यातून काढल्यासारखा ओला आणि गार.

मी त्याच्या तोंडाकडंच बघत विचारलं, "तात्यांना शेवटी काय म्हणालास?"

"काही नाही. ते झोपले होते," तो म्हणाला. आवाज तोच, सरणापाशी फोनवर होता तोच असणार. पण उपरण्याखाली त्याच्या हातानं माझी बोटं आवळली. लहानपणी जत्रेत गर्दी वाढली की आवळायचा तशी. माझी अंगठी हाडात रुतली. मला दुखलं. कितीतरी दिवसांनी मला काही तरी झालं होतं.

"आये, पुरे झालं," तो म्हणाला. हात सोडला मात्र नाही.

मी उपरण्याच्या कडेनं त्याचा तळवा पुसला आणि कापड त्याच्यापुढं धरलं. पार ओलं झालेलं. तो त्याच्याकडं बघत राहिला, तो ओलावा दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. डॉक्टर काही तरी बोलायला लागले, तर केतकीनं त्यांना हातानं थांबवलं.

"आजी, होकार..." डॉक्टर तरीही म्हणालेच.

"तुमच्या कॅमेऱ्याला सांगत न्हाई, ह्याला सांगतेय. सयाजी, तिकडं बघू नको, माझ्याकडं बघ. गावात मी तुला दगड म्हणाले. चुकले. दगड बरा असतो रे. तू भित्रा हाईस. बाप गेल्याचं तुझ्या तळव्याला कळलंय, तुला ते ऐकायचं न्हाई. आता तो तळवाबी कोरडा करायला निघालास. त्याला माझा होकार न्हाई. पण मी दलालाची बायको, नुसतं न्हाई म्हणून उठायची न्हाई, सौदा ठेवते तुझ्यापुढं. ती टिकली काढ, हितं, माझ्यासमोर. मीबी अजून रडले न्हाई, दोघं बसू. बापासाठी रडून झाल्यावरबी तुला तो दाणा पाहिजे असला, तर मी आपल्या तोंडानं व्हय म्हणीन. हात माझ्या हातात हाय तुझा. बोटं धरून सांग, कबूल हाय का?"