खोटी खिडकी

धाकटीचा फोन आला तशा इन्स्पेक्टरबाई तडक निघाल्या. तिची थोरली बहीण कालपासून बेपत्ता होती. थोरली वास्तुतज्ज्ञ, जुन्या इमारती जिवापाड जपणारी. राहतं दगडी घर दोघी बहिणींच्या वडिलांचं. थोरलीला ते जतन करायचं होतं, तिच्या नवऱ्याला विकायचं होतं.

"काल कडाक्याचं भांडण झालं दोघांचं," धाकटी रडत म्हणाली. "भावोजींनीच काहीतरी केलंय. ताईला हवा तरी मिळत असेल का हो?"

इन्स्पेक्टरबाईंनी घराला बाहेरून फेरी मारली. थंडी मी म्हणत होती. टोकाच्या खिडकीची काच तेवढी धुरकटलेली.

"ही खोली कोणाची?"

"खोली नाहीच," थोरलीचा नवरा म्हणाला. "खोटी खिडकी आहे. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून बसवलेली. मागे भिंत. लग्न होऊन आलो तेव्हाच धाकटीनं सांगितलं होतं."

बाईंनी रुमालानं काच पुसली. बाष्प पुसलं गेलं नाही. ते आतल्या बाजूला होतं, कोणाच्या तरी श्वासाचं.

त्या धावतच आत गेल्या. खिडकीच्या बाजूच्या भिंतीलगतचं लाकडी कपाट सोबतच्या हवालदारांनी जोर लावून ओढलं. ते दारासारखं उघडलं.

कोंदट, चिंचोळी खोली. थोरली जमिनीवर बेशुद्ध पडलेली. श्वास मंद, पण चालू. एक हवालदार ॲम्ब्युलन्सला फोन लावू लागला.

"भावोजी, काय केलंत हे!" धाकटी किंचाळली.

"त्यांना ही खोली ठाऊकच नव्हती," बाई म्हणाल्या. "ठाऊक असती, तर तुमच्यासमोर तुमचंच नाव घेऊन मागे भिंत आहे असं म्हणाले नसते; तुम्ही तिथेच खोडून काढाल ही भीती असती. तुम्ही इथेच वाढलात. बहीण हरवली म्हणालात, मग हवेची काळजी कशाला? माणूस कोंडलंय हे कोंडणाऱ्यालाच माहीत असतं. ती मेली असती, नवरा तुरुंगात गेला असता, घर तुमचं झालं असतं. काय पाजलंत?"

धाकटी बहिणीकडे न बघता बोलू लागली.

"चहात झोपेच्या गोळ्या घातल्या. ती शिकायला गेली, मी बाबांच्या उशाशी राहिले. ते गेले, आणि आता हिला घर जपायचंय! उभा जन्म सडले मी या भिंतींत."

थोरलीनं डोळे किलकिले केले. बहीण दिसताच तिनं हात पुढे केला.

"तू शोधलंस ना मला?"